नाव कुणाचे, प्रयोगशाळा कुणाची?



केमिकल इंजिनिअरिंगवर एका बी.ए. झालेल्या कवीने बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण बारावीचा निकाल लागला की घरातल्या चार पुस्तके वाचलेल्या माणसाकडे सगळे येतात. माझी भाचीही आली. ‘‘मामू, माटुंगा, नागपूर की लोणेरे?’’

तिन्ही नावे मोठी. माटुंग्याची संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था १९४२ची. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९चे. ते आमच्या खेडहून जवळ, म्हणून बहिणीचा कौल लोणेऱ्याला.

मी म्हटले, आधी ही विद्या काय आहे ते समजून घेऊ. भाचीनेच मला समजावले. चार माणसांचा पुलाव पातेल्यात लवकर निवतो, दावतीची देग मात्र तासन् तास गरम राहते. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतला माल हजारपट होतो, पण बाहेरची भिंत शंभरपटच वाढते. अभिक्रियेची उष्णता मालातून उपजते आणि भिंतीतून बाहेर पडते. काचेच्या चंबूत जे निमूट घडते, ते कारखान्याच्या रिअॅक्टरमध्ये आवरावे लागते. ते आवरायला शिकणे म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग. १९८४ साली भोपाळच्या टाकीत पाणी शिरले आणि उष्णता आवरली नाही, तेव्हा काय झाले ते आपण जाणतोच.

म्हणून पालकांनी केवळ नाव विचारू नये. लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी राज्यभरातली महाविद्यालये संलग्न आहेत. पदवीवर विद्यापीठ एकच, प्रयोगशाळा मात्र निरनिराळ्या. ‘नॅक’ संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, ‘एनबीए’ एकेका अभ्यासक्रमाचे. तेव्हा केमिकलच्या अभ्यासक्रमाला ती मान्यता आहे का, कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे पाहावे. प्रयोगशाळेतली यंत्रे मुले स्वतः चालवतात की नुसती पाहतात? कारखान्यातले प्रशिक्षण किती आठवड्यांचे? सुरक्षितता कोण शिकवते? वसतिगृहात मुलींना जागा मिळते का? ही उत्तरे माहितीपुस्तकापेक्षा तिसऱ्या वर्षाची मुले खरी देतात.

आणि पसंतीक्रम भरताना भीतीचा नव्हे, इच्छेचा क्रम लिहावा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर तो स्वीकारावाच लागतो. भाचीने माटुंगा पहिले लिहिले, लोणेरे दुसरे. बहीण दोन दिवस गप्प होती.

माझे मेहुणे लोट्याच्या वसाहतीत रिअॅक्टरवर ऑपरेटर आहेत. मी बहिणीला एवढेच म्हणालो, उद्या ही पोरगी ज्या आराखड्यावर सही करील, त्या यंत्रापाशी कुणाचा तरी बाप रात्रपाळीला उभा असेल. तिने जिथे नीट शिकता येईल, तिथेच जावे. मग ते घरापासून दूर का असेना.