मुलींनीं काय शिकावें, हें कोणीं ठरवावें?

(एका कन्याशाळेच्या पालकसभेंत झालेलें भाषण)



मुलींच्या हायस्कुलांतील विषयांवर मी चार शब्द बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. मुलींनीं शिकावें कीं शिकूं नये हा वाद आतां उरला नाहीं. भरसभेंत उभें राहून "शिकवूं नका" म्हणण्याची छाती आज कोणाची होत नाहीं. पण वाद मेला नाहीं, त्यानें सोंग पालटलें आहे. पूर्वीं म्हणत, मुलींना शिकवूंच नका. पुढें म्हणूं लागले, शिकवा बापडे, पण हें शिकवा आणि तें शिकवूं नका. या दुसऱ्या बोलण्याचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ताबाई नांवाच्या मांगाच्या मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'ंत छापून आला. मांगमहारांचीं दुःखें तिनें त्यांत मांडलीं, आणि वेद ज्यांचे त्यांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल केला. नुसतें विणकाम शिकलेल्या मुलीच्या हातून हें लिखाण होईल काय? वाचणें, लिहिणें, आणि वाचलेल्याचा जाब विचारणें हें तिला कोणींतरी शिकविलें होतें.

पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं लेखी साक्ष दिली. तींत त्यांनीं गांवच्या शाळेंत काय शिकवावें तें मोजून सांगितलें आहे: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतकीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य यांचे कांहीं धडे. मुलींच्या प्राथमिक शिक्षणाची सोयहि सरकारनें अधिक सढळ हातानें करावी असें त्याच साक्षींत आहे. आतां मोडी कशाला, असें आजचा मुलगा विचारील. अहो, सावकाराचा कागद मोडींत असे! ज्याला तो वाचतां येईना त्यानें अंगठा उठविला कीं शेत गेलें. विषय निवडतांना गरिबाच्या घरांत त्याचा काय उपयोग होईल हें पाहणारी नजर ती हीच.

दोनच वर्षांनीं, १८८४ सालीं, पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. रानडे, भांडारकर, मोडक अशा मोठ्या मंडळींनीं तें काढलें. पेशव्यांची घोड्यांची पागा जेथें होती त्या जागेवरून त्याला हुजूरपागा म्हणूं लागले. पागेंत मुलींची शाळा बसली, हा काळानें उगविलेला सूडच म्हणावा. तेथें इंग्रजी शिकवूं लागले, गणित शिकवूं लागले, आणि मुली अकरापासून पांचपर्यंत शाळेंत बसूं लागल्या. यावर १८८७ सालीं टिळकांच्या 'मराठा' पत्रानें मोठी टीका केली. मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र कशाला? मातृभाषा, नीति, शिवणकाम पुरे. तेंहि दिवसांतून दोनतीन तास, म्हणजे घरकामाला खोळंबा नको! टिळकांचें राजकारणांतलें कर्तृत्व कोणी नाकारीत नाहीं. पण वेळापत्रकावर येवढें रण कां माजावें, याचा विचार करा. शाळेचा तास हा घरच्या चुलीपासून सोडवून आणलेला तास असतो. तो कोणत्या विषयाला द्यावा यावरून त्या मुलीचें पुढलें आयुष्य ठरतें, हें टीकाकारांना पक्कें ठाऊक होतें. आमच्या लोकांना मात्र तें अजून उमगलेलें नाहीं.

अण्णासाहेब कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली. मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा त्यांचा उपकार मोठा आहे. मात्र स्त्रीचें मुख्य क्षेत्र घर, या समजुतीनें गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना तेथें मानाचें पान मिळालें. हेतु चांगला होता. पण वाट अरुंद झाली.

स्वातंत्र्याच्या सुमारास काय स्थिति होती? १९४९ सालीं मुंबई प्रांतांत युनिव्हर्सिटीच्या मॅट्रिकच्या जागीं एस्. एस्. सी. बोर्डाची परीक्षा सुरूं झाली. मुलींच्या हायस्कुलांत भाषा, इतिहास-भूगोल, गणित, शास्त्र हे विषय होते, चित्रकला आणि गायन होतें, आणि गृहशास्त्राची स्वतंत्र खोली असे. स्वयंपाक, शिवण, धुलाई, घराचा जमाखर्च, बालसंगोपन असे त्याचे भाग. १९५२-५३ च्या मुदलियार कमिशनानें माध्यमिक शाळांसाठीं विषयांचे सात गट सुचविले. शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेतकी वगैरे गटांबरोबर गृहशास्त्र हाहि एक. कागदावर सातहि वाटा सारख्या होत्या. पण मुलींच्या शाळेंत प्रयोगशाळा उभारावयाची तर पैसा हवा, शास्त्र शिकविणाऱ्या बाई हव्यात. शेगडी आणि शिवणयंत्र त्या मानानें स्वस्त. मग चौदा वर्षांची पोर स्वस्त वाटेला लागे आणि डॉक्टरीचा दरवाजा तिच्यापुढें गुपचूप मिटे. तिला कोणी नाहीं म्हटलें नाहीं. तो विषय शाळेंत नव्हता, इतकेंच!

मी गृहशास्त्राची निंदा करीत नाहीं. कोणत्या धान्यांत काय सत्त्व आहे, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरचें अन्न केव्हां द्यावें, हें ज्ञान लाखमोलाचें आहे. माझी तक्रार दोन गोष्टींची. एक, तें ज्ञान मुलांना कां नको? बाप काय घरांत जेवत नाहीं? दुसरी, पहांटे उठून दळण, पाणी, शेण करून आलेल्या कुणब्याच्या पोरीला भाकरी कशी थापावी हें शाळेनें शिकवावें, हा कोठला न्याय? तें तिच्या आईनें फुकट शिकविलें आहे. जें आईपाशीं नाहीं तें मिळावें म्हणून ती शाळेंत आली.

ही गोष्ट ज्यांनीं सरकारदरबारीं निकालांत काढली त्या बाईंचें नांव हंसा मेहता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत "सर्व पुरुष" या अर्थाच्या शब्दांऐवजीं "सर्व माणसें" असे शब्द आले, त्यामागें यांचाच आग्रह. त्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरु असतांना तेथें गृहशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. गृहशास्त्राची किंमत त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पण मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, हें पाहण्यासाठीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं जी कमिटी नेमली, तिनें १९६४ सालीं साफ सांगितलें कीं, विषयांना बायकी आणि पुरुषी असा शिक्का मारूं नये. कोठारी कमिशनानें (१९६४-६६) तेंच उचलून धरलें: पहिलीं दहा वर्षें गणित व शास्त्र सर्वांना, आणि गृहशास्त्र मुलींवर सक्तीचें नाहीं. महाराष्ट्रांत नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालीं झाली. १८८७ सालीं पेटलेला वाद कागदावर मिटण्यास असा जवळजवळ नव्वद वर्षांचा काळ गेला.

कागदावर म्हणतें, कारण घरांत तो मिटलेला नाहीं. दहावीपर्यंत बहीणभाऊ एकाच बाकावरचा अभ्यास करतात. दहावी झाली कीं भावासाठीं तालुक्याला खोली घेतात, शास्त्र शाखेची शिकवणी लावतात. आणि बहिणीला गांवापासून एस्. टी. च्या एका फेरींत जी शाखा असेल ती. मार्क तिचे जास्त असले तरी! शाखा तिनें निवडली असें आपण म्हणतों. खरें पाहतां ती एस्. टी. नें निवडलेली असते.

सरकारनें २०२४-२५ सालापासून आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. चांगली गोष्ट झाली. पण डॉक्टरी-इंजिनिअरीची फी माफ होऊन काय उपयोग, जर अकरावीलाच गणित आणि शास्त्र सुटलें? माफी तेथें उभी आणि मुलगी येथें.

म्हणून पालकहो, अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्या. आपल्या मुलीच्या शाळेंत प्रयोगशाळा आहे ती उघडते काय, कीं तिच्यांत मोडकीं बाकें रचून ठेवलीं आहेत? जवळच्या कॉलेजांत शास्त्र शाखा नसेल तर मुलींच्या वसतिगृहांत जागा केव्हां सुटतात आणि अर्ज कोठें द्यावयाचा? आणि तिसरी गोष्ट मुलीलाच विचारा, बाई, तुला काय शिकावयाचें आहे? हा प्रश्न बापानें विचारावा, आईनेंहि विचारावा, आणि भावाला जरा वेळ बाहेर बसवावें. मुख्याध्यापिकाबाई येथेंच आहेत. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्या आज, आतांच देतील.