साथीचा काळ आणि गावचा दवाखाना
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मंडळाचा वैद्यकीय साहाय्यनिधी कसा खर्चावा, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, मोठ्या रुग्णालयांची देयके भागविण्याबरोबरच गावच्या दवाखान्याकडेही मंडळाने पाहावे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कित्येक ऊसतोड मजूर परमुलखातील फडांवर अडकून पडले. एप्रिलमध्ये शासनाने त्यांना परतण्याची मुभा दिली. परंतु वाहने बंद, हाती पैसा नाही आणि गावात पाऊल टाकताच लोकांच्या डोळ्यांत संशय! अशा माणसाने तालुक्याचे रुग्णालय गाठावे तरी कसे? त्याच्या दारी गेली ती आशाताई. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हाही घरोघर ताप व रक्तातील प्राणवायू मोजण्यात ती पुढे होती. प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली आले, की धाप लागण्यापूर्वीच रोग्यास पुढे पाठविता येई.

बहिष्काराच्या भयाने लोक दुखणे लपवीत. परक्यापाशी लपविलेले दुखणे ओळखीच्या बाईपाशी मात्र उघड होते. हा विश्वास एका दिवसात जडत नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, ते ही साथ येण्याच्या कितीतरी वर्षे आधी. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच मार्ग चोखाळला होता.

याहूनही जुना आदर्श आपल्यापुढे आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर रोग्यांची सेवा केली. अस्पृश्य मानलेल्या घरातील आजारी मुलालाही त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी देह ठेवला.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : निधीचा काही भाग दरवर्षी एखाद्या गावच्या उपकेंद्रास द्यावा. तेथे रक्तदाब, साखर व प्राणवायू मोजण्याची साधने असावीत. वाडी-तांड्यावरील वृद्धांना औषध घरपोच मिळावे. आणि तेथे येणाऱ्यास जात विचारू नये. निधी ज्ञातीचा असला, तरी दवाखाना सर्वांचाच असला पाहिजे; कारण शेजारच्या घरातील रोग आपल्या उंबरठ्याशी थांबत नाही.

ही सूचना मंडळ मान्य करील, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.