कणीक आणि सुजलेले पाय



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतनाची असावी. आम्ही कळवले, 'बायबलातील कणीक'. चालक हसले. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने झाले. तेव्हा पांडित्याचा आव आम्ही आणणार नाही. एका शब्दाने आम्हांस धरून ठेवले, तेवढा आपल्यापुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, घाटावरच्या एका खेड्यात ऊसतोडीच्या टोळीची गाडी लागली होती. सहाची वेळ सांगून मुकादमाने चारलाच भोंगा वाजवला. एका बाईची कणीक मळून झाली होती, तवा अजून चढायचा होता. तिने काटवट तशीच फडक्यात बांधली आणि खांद्यावर घेतली. "भाऊ, चूल इझवली, पन पीठ कसं टाकू?" एवढेच ती आम्हांस म्हणाली.

पुढे मराठी बायबल चाळताना 'निर्गम' हे पुस्तक हाती आले, आणि त्याच्या बाराव्या अध्यायात आम्हांला तीच बाई भेटली! इस्राएल लोक मिसर देशात विटा पाडण्याच्या वेठीला जुंपलेले होते. त्यांनी रजा मागितली, तेव्हा राजाने विटांसाठी मिळणारा भुसा बंद केला आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. भुसा तुम्हीच गोळा करा, विटा तेवढ्याच पाडा! मालकाची ही युक्ती किती जुनी आहे पाहा. अखेर सुटकेची रात्र आली. पण निघण्याची घाई एवढी, की पीठ आंबायलाही सवड मिळाली नाही. लोकांनी मळलेली कणीक काटवटीसकट कपड्यांत बांधून खांद्यावर टाकली व ते चालू लागले.

या कणकेला मूळ हिब्रूत 'बात्सेक' म्हणतात. हे नाम बायबलात अवघे पाच वेळा आले आहे. त्याच धातूचे क्रियापद दोनदाच येते, आणि दोन्ही वेळा ते पिठाविषयी नाही, पायांविषयी आहे. चाळीस वर्षे रानात चालूनही तुमचे पाय सुजले नाहीत, असे त्या लोकांना सांगितले आहे. फुगते ती कणीक, आणि चालून चालून फुगतो तो पाय. दोहोंचा धातू एकच.

हे वाचून आम्ही चकित झालो. मग ध्यानात आले की आपली मराठीही हेच करते. पीठ आंबते, आणि दिवसभर राबून आलेली बाई म्हणते, "अंग आंबून गेलं." ज्या भाषेत माणसे राबतात, त्या भाषेला पिठाचे आणि देहाचे नाते कोणी शिकवावे लागत नाही.

ही कथा आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. साप्ताहिक सुटीचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ती पाळली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची त्यांची पोथी, हाग्गादा, पुण्यास १८७४ साली हिब्रू व मराठीत छापली गेली. तिच्यातील चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरीच्या कामात गुंतलेल्या दिसतात. या भाकरीसाठी पिठात पाणी पडल्यावर ते अठरा मिनिटांहून जास्त वेळ तसेच पडू द्यायचे नाही, असा त्या धर्माचा दंडक आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची घाई अशी मिनिटांत मोजून जपली आहे.

आता आमच्या मूळ व्यवसायाकडे वळतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात 'बात्सेक' एका वेगळ्याच प्रसंगी येतो. परक्या देवीला पोळ्या वाहतात म्हणून तो लोकांवर रागावला आहे. पण रागाच्या भरात त्याने घरातील कामाची वाटणी नेमकी टिपली आहे. मुले लाकडे वेचतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. त्याने तिघांचीही नोंद केली. आमच्या ऊसतोडीत काय होते? नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर पडते, आणि हिशेबाच्या वहीत बाईचे नाव शोधून सापडत नाही. पहाटेची भाकरी तर कोणाच्याच हिशेबात नाही. ती थापून झाल्यावर तीच बाई फडात उतरते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते.

आमची मागणी फार मोठी नाही. वहीत तिचे नाव स्वतंत्र लिहा. तिच्या कामाचे पैसे तिच्या हातात द्या. गाडीची वेळ सहाची सांगितली असेल, तर भोंगा सहालाच वाजवा. निदान तवा चढेल आणि भाकरी भाजून होईल.

त्या पुरातन ग्रंथकाराने पळणाऱ्या लोकांची कणीक विसरली नाही. आपण तर शेजारी राहतो. आपण ती मळणारीला तरी विसरू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.