यंत्राला कळणारी इच्छा : पक्षाघाताचे पुनर्वसन आणि रुग्णाचे सामर्थ्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन धर्मात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. उपवास, रसत्याग ही बाह्य तपे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. परंतु सहा आभ्यंतर तपांमध्ये 'वैयावृत्त्य' यालाही मानाचे स्थान आहे. मुळात साधुसंघातील वृद्ध, तपस्वी व ग्लान यांच्या सेवेसाठी सांगितलेले हे तप श्रावकांनी रुग्णसेवेच्या रूपाने समाजात आणले. आजचा विषय नवा असला तरी त्याचे मूळ याच तपात आहे.

भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या पार्श्वभूमीवर 1975 मध्ये श्री. डी. आर. मेहता यांच्या पुढाकाराने जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. रामचंद्र शर्मा यांची कारागिरी आणि डॉ. प्र. क. सेठी यांचे वैद्यकीय ज्ञान यांच्या संगमातून आकारास आलेला 'जयपूर फूट' या समितीने असंख्य गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविला. तेथे पाय गमावलेला असतो, मात्र मेंदूचा हुकूम शाबूत असतो. पक्षाघातात, म्हणजे आपल्याकडील भाषेत लकव्यात, नेमके उलटे घडते. हात जागेवर असतो, पण हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग या रुग्णाला कोणता 'जयपूर फूट' द्यावयाचा?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे मेंदू आणि संगणक यांना जोडणारी प्रणाली, अर्थात ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये मानवी मेंदूच्या विद्युतलहरी प्रथम नोंदविल्या. 1973 मध्ये अमेरिकेतील जाक विदाल यांनी या लहरींद्वारे संगणकाशी थेट संवाद साधण्याची कल्पना मांडली. यात शस्त्रक्रियेची गरज असतेच असे नाही. डोक्यावर टोपी चढवून तिच्यातील विद्युतग्रांद्वारे लहरी टिपता येतात. हात स्वस्थ असताना मेंदूच्या हालचाल-केंद्रावर सेकंदाला सुमारे 8 ते 12 आवर्तनांची एक लहर उमटते. हात हलविण्याचा प्रयत्न केला, किंवा नुसती तशी कल्पना केली, तरी ती लहर मंदावते. संगणक हा बदल ओळखतो आणि त्याच क्षणी हातावर बसविलेला यांत्रिक सांगाडा बोटे उघडतो. इच्छा आणि हालचाल यांची तुटलेली गाठ अशा रीतीने पुन्हा बांधण्याचा हा प्रयत्न आहे.

ही गाठ महत्त्वाची आहे काय, याची परीक्षा जर्मनीतील ट्युबिंगेन येथे झाली व तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. हाताची शक्ती जवळजवळ गेलेल्या 32 जुन्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात यंत्र रुग्णाच्या मेंदूच्या संकेतानुसार हात हलवी, तर दुसऱ्यात ते मनाला येईल तेव्हा हलवी. त्याशिवाय दोन्ही गटांना व्यायामोपचार सारखाच दिला गेला. पहिल्या गटाची सुधारणा अधिक झाली. ती माफक होती, चमत्कार नव्हता. तथापि यंत्राने हात हलविणे पुरेसे नसून रुग्णाच्या इच्छेला वेळेवर प्रतिसाद मिळणे आवश्यक आहे, हे तिच्यातून दिसले. आपल्या देशातही आयआयटी कानपूरचे प्रा. आशिष दत्ता यांच्या गटाने मेंदूलहरींवर चालणारा हाताचा सांगाडा विकसित केला आहे.

मात्र एक अडचण आहे. वापरणाऱ्यांपैकी साधारण 15 ते 30 टक्के लोकांना ही प्रणाली पुरेशी वश होत नाही, असे संशोधनात वारंवार सांगितले गेले. त्यांना 'निरक्षर' असे नावही पडले. या शब्दावर पुढे संशोधकांनीच आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. यंत्राला माणूस वाचता आला नाही, तर निरक्षर कोण?

अपयशाची कारणे अनेक असतात. मेंदूचा जो भाग संकेत देणार, त्यालाच इजा झालेली असू शकते. वाचा गेलेल्या काही रुग्णांना सूचना नीट समजत नाहीत. थकवा व नैराश्य लक्ष टिकू देत नाहीत. जबडा आवळला वा पापणी लवली तरी नोंदीत गोंधळ होतो. डोक्याला चोपडलेले तेलसुद्धा आड येते. शिवाय 'हाताची हालचाल मनात आणा' एवढ्या मोघम सूचनेने काम भागत नाही. हात हलताना डोळ्यांना कसा दिसतो यापेक्षा तो आतून कसा जाणवतो, याची कल्पना अधिक उपयोगी पडते. ज्या आजीने आयुष्यभर कणिक मळली, जपमाळेचा एकेक मणी ओढला, तिला तीच ओळखीची हालचाल तिच्याच भाषेत सांगावयास हवी.

सामर्थ्य हे जन्मजात व अचल नसून ते सरावाने वाढते. अमेरिकेतील बिन हे यांच्या गटाने 2021 मध्ये निरोगी व्यक्तींवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे सजगतेचा सराव केलेल्यांची प्रगती विशेषतः मन स्वस्थ ठेवून पडद्यावरील ठिपका चालविण्यात अधिक दिसली. यावरून सामायिक म्हणजे लकव्याचे औषध, असा अर्थ कोणी काढू नये. परंतु 48 मिनिटांच्या सामायिकास बसणाऱ्यांना हे उमजेल, की स्वस्थ राहणे हीदेखील शिकावी लागणारी क्रिया आहे.

बंधू-भगिनींनो, असे यंत्र पातूरला येण्यास कदाचित बराच काळ लागेल. पण त्यामागील तत्त्व आजच घरोघरी आचरता येते. रुग्णाचा हात आपण उचलून हलविण्याआधी त्याला स्वतः प्रयत्न करू द्यावा, क्षणभर थांबावे आणि मग आधार द्यावा. व्यायामोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने हा क्रम रोज पाळावा. 'आता याच्याने काही व्हायचे नाही' हे वाक्य रुग्णाच्या खाटेजवळ तरी उच्चारू नये. पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग अधिक असतो, म्हणून उपचार लांबणीवर टाकू नयेत. वर्ष उलटले तरी आशा सोडू नये, कारण ट्युबिंगेनचे रुग्ण जुनेच होते.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीत रुग्णोपयोगी साहित्याचे केंद्र व्हावे, ठरलेल्या दिवशी व्यायामोपचार तज्ज्ञ गावात यावेत आणि ही सेवा जातिधर्मनिरपेक्ष सर्वांना खुली असावी. जैन प्रतीकचिन्हाखाली जीवांच्या परस्पर उपकाराचे वचन कोरलेले असते. निश्चल पडलेल्या हातामागेही एक जागी इच्छा असू शकते, हे ओळखणे हा त्या उपकाराचा प्रारंभ होय.

जय जिनेंद्र.