"बोलत होता की!"

मी मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. अपघातानंतर नातेवाईक हमखास सांगतात, "सिस्टर, तो तर चांगला बोलत होता!" हे ऐकलं की मी जास्तच सावध होते.

कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधली रक्तवाहिनी फुटली, तर माणूस काही वेळ अगदी बरा वाटू शकतो. आत मात्र रक्त साचत असतं. कवटी हाडाची, ती फुगत नाही; सगळा दाब मेंदूवर येतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर हाच रुग्ण चालत घरी जाऊ शकतो.

गांभीर्य मोजायला १९७४ पासून ग्लासगो कोमा स्केल आहे. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. पण १५ गुण असले तरी पहिले २४ तास लक्ष ठेवा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा.

रस्त्यावर कुणी जखमी दिसला तर ११२ लावा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे.

आणि हेल्मेट? आयएसआय खुणेचं, मागे बसणाऱ्यालाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी उडतं. पट्ट्याचा 'टक्' आवाज आल्याशिवाय गाडी सुरू करू नका.