रुग्णालयाची परीक्षा

(हातकणंगले येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेत मी रुग्णालयावर बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. धम्माच्या सभेत इस्पितळाचा विषय कशाला, असा प्रश्न मला येथे येण्यापूर्वीच एका वृद्ध उपासकांनी केला. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच माझे आजचे भाषण होय.

आपण ज्या तालुक्यात बसलो आहोत त्याच तालुक्यात माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तेथे परिषद भरली, परमपूज्य बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते, आणि राजर्षी शाहू महाराजांनी तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे असे तेथे जाहीरपणे सांगितले. ही गोष्ट येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु त्याच्या एक वर्ष आधी, १९१९ साली, महाराजांनी काढलेल्या हुकमांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि दवाखाने ह्या ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे करवीर संस्थानात फर्माविण्यात आले. पाणवठ्याच्या जोडीला दवाखाना का यावा? तहानलेला मनुष्य आणि आजारी मनुष्य हे दोघेही थांबू शकत नाहीत, म्हणून.

दवाखान्याचे दार बंद असणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींत नोंदवून ठेविले आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर आला, पण स्पर्श करीना. त्याने तापमापक नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्यास दिली, नवऱ्याने ती पत्नीस लावली, आणि ती त्याच क्रमाने परत गेली. फी मात्र डॉक्टरने घेतली. ती बाई वाचली नाही. हे पत्र १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आले होते.

आज हे दार कायद्याने उघडे आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या पाचव्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढे झालेल्या व २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र ह्यांत जाण्यास अडविणे हाही अत्याचार मानला. बौद्ध झाल्याने हे संरक्षण गेले, असे जर कोणी आपणास सांगत असेल तर ते खोटे आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींचे स्थान कायम लाभले आहे.

तेव्हा पहिला लढा दाराचा होता. आजचा लढा दाराच्या आतला आहे. दार उघडे आहे, पण आत डॉक्टर आहे काय? परिचारिका आहे काय? औषध आहे काय? आणि बाहेर पडताना आपल्या घरावर कर्ज चढते काय?

येथे मी आपल्या मनातील एका जुन्या सवयीविषयी स्पष्ट बोलतो. धर्मांतरापूर्वी घरात कोणी आजारी पडले की अंगारा लावीत, देवऋषाकडे जात, नवस बोलत. दीक्षा घेतली आणि आपण ते सोडले, ही मोठी क्रांती आहे. परंतु देवऋषी गेला आणि त्याच्या जागी आपण डॉक्टरास बसविले, असे तर झाले नाही ना? पांढरा कोट पाहिला की आपण हात जोडतो, काय झाले हे विचारीत नाही, कोठे अंगठा उठविला हे पाहत नाही. आणि रोगी दगावला की तेच हात दगड उचलतात. आंधळी भक्ती आणि आंधळा संताप ह्या एकाच अज्ञानाच्या दोन बाजू आहेत. तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही पारख रुग्णालयासही लावावयाची आहे.

पारख कोणत्या मापाने करावी? माप आपल्या घरातच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्यास स्वतःच्या हाताने धुतले, मंचकावर निजविले, आणि संघास बजाविले की, जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्यास औषध तयार करता यावे. पथ्य काय व अपथ्य काय हे त्यास कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र व वांती काढण्याची त्यास किळस नसावी. आणि त्याने रोग्यास धीर द्यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे माप आजही अपुरे पडत नाही. ज्ञान, मनुष्यबळ, निर्लोभता आणि करुणा ही सारी त्यात आहेत. ह्या मापाने आपल्या रुग्णालयाची तीन प्रकारे परीक्षा करू.

पहिली परीक्षा मनुष्यबळाची. सरकारी आरोग्यव्यवस्थेचा क्रम असा आहे: सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यावर साधारणतः ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे आपल्यासाठी इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय व कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. ३० खाटांच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ असे पाच तज्ज्ञ असावेत, असे केंद्र शासनाच्या २०१२ च्या सार्वजनिक आरोग्य मानकांत म्हटले होते. ह्यांपैकी एक जागा रिकामी असली की काय होते ते पाहा. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, शस्त्रक्रियेची खोली आहे, पण भूल देणारा नाही. मग अडलेल्या बाईस रात्री गाडीत घालून सुमारे वीस किलोमीटर दूर कोल्हापुरास पाठवावे लागते. कागदावर रुग्णालय असते, गरजेच्या घटकेस नसते. म्हणून इमारत किती मोठी हे विचारू नका. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती व केव्हापासून, हे विचारा. आणि रात्री दहा वाजता कक्षात किती परिचारिका आहेत हे स्वतः जाऊन मोजा.

एक सावधगिरी मात्र ठेवा. चार जणांचे काम एकटा ओढणारा डॉक्टर त्रासून बोलला, तर रिकाम्या जागेचा राग त्याच्यावर काढू नका. जागा भरणे हे शासनाचे काम आहे. जो हजर आहे त्यास मारहाण केली तर तोही निघून जाईल. शिवाय २०१० च्या कायद्याने महाराष्ट्रात वैद्यकीय सेवकांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे.

दुसरी परीक्षा शुश्रूषेची. ह्यासाठी वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही. हात धुण्यास पाणी व साबण आहे काय? प्रसूतिकक्ष व संडास स्वच्छ आहेत काय? तपासणाऱ्याने नाडी पाहिली की दुरूनच चिठ्ठी लिहिली? शस्त्रक्रियेपूर्वी संमतीचा कागद समजावून सांगितला काय? साप चावलेल्यास द्यावयाचे प्रतिविष व कुत्रा चावलेल्यास द्यावयाची लस शिल्लक आहे काय? आमच्या वस्तीतील माणसास शेवटी बोलाविले जाते काय? किती बाळंतिणी आल्या व त्यांतल्या किती पुढे पाठविल्या? ह्या सात प्रश्नांची उत्तरे तीन महिने वहीत लिहिली, तर आपल्या हाती कोणत्याही भाषणापेक्षा भारी पुरावा येईल.

तिसरी परीक्षा खर्चाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, हे कोल्हापुरास जाताना लक्षात ठेवावे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त व जेवण मोफत देण्याची योजना आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकेवर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, प्रथम त्यास गाठावे. ह्या योजना जात व धर्म विचारीत नाहीत. तरीही खर्च होतोच. बाहेरून आणावयास सांगितलेले औषध, गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचे जेवण हा खरा हिशेब आहे. तो कोणी मांडीत नाही, म्हणून ‘मोफत’ हा शब्द तपासला जात नाही.

खासगी रुग्णालयांसही कायदा आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. धर्मादाय न्यासाखाली नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. त्या रुग्णालयाच्या नावामागे ‘धर्मादाय’ शब्द आहे काय हे पाहा, आणि उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा. दाखला आजारपणात काढावयाचा नसतो.

आता माझ्या व्यवसायातील एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आले. पत्नीच्या उपचारासाठी त्यांनी घरातले सोने मोडले होते, दोन ठिकाणी कर्ज काढले होते, आणि पत्नी तर गेलीच. त्यांचे म्हणणे खरे होते, असे मला आजही वाटते. मी विचारले, “केसपेपर कोठे आहे? पावत्या कोठे आहेत?” त्यांनी खिशातून एका कोऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलेला एक आकडा काढून दाखविला. त्यांच्यापाशी एवढेच होते. त्यांचे मन दुःखात बुडालेले, आणि विचारण्यास जाईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला. मी कायद्याचा पदवीधर, आणि त्या मनुष्यासाठी मला काहीही करता आले नाही. ते उठून गेले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून टोचतो.

म्हणून सांगतो, कागद मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे व मागणी केल्यापासून ७२ तासांत देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात हयगय झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. सर्वांसच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयास तो लागू नाही. परंतु म्हणून सरकार मोकळे सुटत नाही. १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तातडीच्या प्रसंगी सरकारी रुग्णालयाने उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय. गाडीतून पडलेल्या एका मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते. पैसा नाही ही सबब न्यायालयाने मानली नाही. ज्या घटनेच्या आधारे हा निर्णय झाला तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे आपणास सांगावयास नको.

आता कार्य. प्रत्येक वस्तीने पाच जणांची आरोग्य समिती नेमावी. तीत निदान दोन स्त्रिया असाव्यात, कारण प्रसूतिकक्षाची खरी हकिगत त्यांनाच कळते. समितीने महिन्यातून एकदा रुग्णालयास भेट द्यावी व वही ठेवावी. रिक्त पदांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागावी. अर्जात एकच विषय असावा, तो दीडशे शब्दांत मांडावा, त्यास दहा रुपयांचे शुल्क लावावे. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे, न मिळाल्यास अपील करावे. कोणत्याही रुग्णाचे नाव मागू नये. आपणास आकडे हवेत, कोणाच्या दुखण्याची चर्चा नको. मग ते आकडे रुग्णकल्याण समितीपुढे, पंचायत समितीपुढे व आमदारांपुढे ठेवावेत. जे चांगले असेल ते चांगले म्हणून लिहावे. रात्री जागणाऱ्या परिचारिकेचे आभार मानणे हेही परीक्षकाचे कर्तव्य आहे.

आणि एक काम असे आहे की ज्यास अर्ज लागत नाही. तथागतांनी आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत: त्याने औषध घ्यावे, दुखणे खरे सांगावे, हितकर तेच करावे. क्षयाची गोळी मध्येच सोडणारा, दारू लपविणारा, मुलाची लस चुकविणारा उपासक रुग्णालयाची परीक्षा कोणत्या तोंडाने करणार? आणि आपली मुलगी शिकून परिचारिका व्हावी, डॉक्टर व्हावी, अशी इच्छा किती घरांत आहे? रिकाम्या जागांची यादी मागणाऱ्या समाजाने त्या जागा भरणारी माणसेही दिली पाहिजेत.

सुरुवातीस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. विहारात आपण सर्वांच्या सुखाची कामना करतो. ती कामना खरी की नुसती तोंडची, हे आपल्या वस्तीतील बाळंतीण रात्री दोन वाजता कोठे नेली जाते व परत कशी येते, ह्यावरून ठरणार आहे. माणगावच्या मातीतून उठलेल्या लोकांनी हा प्रश्न दुसऱ्या कोणी सोडवील म्हणून वाट पाहू नये. वही आजच घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!