लहान शब्दांचे इंग्रजी



मी व्यवसायाने डॉक्टर आहे; भाषातज्ज्ञ नाही. तरीही आज इंग्रजी क्रियापदांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण हा विषय दवाखान्यात रोज माझ्यासमोर येऊन बसतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील इंग्रजी शिकलेली पहिली पिढी औरंगाबादला 1950 साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयासारख्या संस्थांतून घडली. तिचे इंग्रजी ग्रंथांतून आलेले, भारदस्त. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हे शब्द आपल्या जिभेवर सहज येतात. कॅनडातील शेजारी, फोरमन आणि नर्स मात्र 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' असे म्हणतात. एक साधे क्रियापद, त्यापाठोपाठ अप, ऑफ, आउट असा चिमुकला शब्द. दोघेही ओळखीचे, पण जोडीचा अर्थ अनोळखी! यांनाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्द इंग्लंडच्या दरबारात व न्यायालयात शिरले. चुलीजवळची भाषा बव्हंशी जुनीच राहिली. आपण दरबारी थर शिकून आलो आहोत. आपल्याकडे पुस्तकात 'मूर्च्छा' असते आणि रुग्ण 'घेरी आली' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आता याचे परिणाम पाहा. नर्स वृद्ध आईला विचारते, 'डिड यू थ्रो अप?' आई प्रामाणिकपणे 'नो' म्हणते, कारण तिने काहीच फेकलेले नसते. उलटीची नोंद होत नाही. आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणे म्हणजे 'पास आउट' होणे. येथे त्याचा रूढ अर्थ शुद्ध हरपणे असा आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून आमची सारी तुकडी एकाच दिवशी पास आउट झाली, असे येथे सांगितल्यास ऐकणारा रुग्णवाहिका बोलावील! आणि 'पास अवे' म्हणजे तर निधन. 911 ला फोन करताना या दोन शब्दांत गल्लत होऊन चालत नाही.

खरा धोका औषधांच्या बाबतीत आहे. 'कट डाउन' म्हणजे कमी करा, 'कट आउट' म्हणजे बंदच करा. 'होल्ड ऑफ' म्हणजे तूर्त थांबा. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणाऱ्या गोळीविषयी असे सांगतात तेव्हा ती पुन्हा केव्हा सुरू करायची, हे विचारलेच पाहिजे. सर्वांत जपावे ते 'टेपर ऑफ' या शब्दाला. मात्रा पायरीपायरीने उतरवीत औषध थांबवणे, हा त्याचा अर्थ. काही आठवडे प्रेडनिसोन घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसोल बनवण्याची शक्ती मंदावलेली असते. नुसते 'ऑफ' ऐकून गोळी एकदम सोडली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते.

कारखान्यातही हेच. 'राइट अप' झाले म्हणजे आपल्याविषयी कोणी चांगले लिहिले असे नव्हे; बहुधा ती लेखी ताकीद असते. सही करण्यापूर्वी अर्थ विचारावा, त्यात कमीपणा नाही.

शिकावे कसे? याद्या घोकून फारसे हाती लागत नाही, असे माझे मत आहे. आपल्या मराठीकडेच पाहा. 'देऊन टाक' यात कोणी काही टाकीत नाही. 'नको ते बोलून बसला' हा उभा राहूनही बोलून बसतो! 'टाकणे' येथे काम निकालात निघाल्याचे सांगते, 'बसणे' पश्चात्तापाचे. इंग्रजी 'अप' पुष्कळदा असेच वागते: 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. तेव्हा 'अप' म्हणजे 'वर' हे समीकरण सोडून द्यावे आणि शब्द ज्या प्रसंगात ऐकला त्या प्रसंगासह वहीत टिपावा. एक नियम मात्र पाठच करावा. 'फिल आउट द फॉर्म' आणि 'फिल द फॉर्म आउट' दोन्ही चालतात. पण सर्वनाम आले की 'फिल इट आउट' एवढेच शुद्ध. उलट 'लुक आफ्टर' ही जोडी फुटत नाही. 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते.

केंद्र सरकारच्या खर्चाने नवागतांसाठी 1992 साली सुरू झालेले 'लिंक' वर्ग आहेत. आपल्या आईवडिलांना तेथे प्रवेश मिळतो का, याची चौकशी अवश्य करावी.

शेवटी एक विनंती. दहा वर्षांच्या नातवाला दुभाषा करून दवाखान्यात आणू नका. त्याला 'थ्रो अप' कळते, पण आजीची 'मळमळ' आणि 'जळजळ' यांतील भेद त्याला कळत नाही. प्रौढ माणूस सोबत आणा, अथवा रुग्णालयात दुभाषा मिळेल का ते आधी विचारा. आणि औषधाविषयी काही 'ऑफ' कानी पडले, तर तेथेच डॉक्टरांना थांबवून विचारा: 'शुड आय स्टॉप इट टुडे, ऑर स्लोली?'